कंबर धरलेल्यांसाठी: दादर पूर्वेचा सकाळचा योगवर्ग

हा वर्ग चांगला आहे. पण 'योगा केला, छान वाटलं' एवढ्यावर कुणी महिन्याला १२०० रुपये भरू नयेत, म्हणून तिथे नेमकं काय करून घेतात आणि त्याने काय होतं ते सविस्तर लिहितेय.

मी नायगावात राहते. हिंदमाताच्या मागच्या बाजूला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. अस्तराचे ब्लाउज, कटोरी, प्रिन्सेस कट, थोडे पंजाबी ड्रेस. कटिंग उभ्याने वाकून, शिलाई बसून वाकून. लग्नसराईत आणि गणपतीच्या आधी सकाळी दहाला मशीनवर बसलं की रात्री नऊ वाजतात. आमच्या धंद्यात कंबर धरण्याला कुणी दुखणं म्हणतच नाही, ते कामाबरोबर येतं असं सगळ्या धरून चालतात. माझं असं झालं होतं की खाली पडलेली बॉबिन उचलायची तर एक गुडघा टेकायचा आणि टेबलाला धरून उठायचं. पाय पसरून जमिनीवर बसले की पाठ आपोआप मागे कलंडायची, भिंत लागायची. गुडघे ताठ ठेवून हात खाली सोडले तर मधलं बोट जमिनीपासून अकरा इंच वर. टेप माझ्या गळ्यातच असते, त्यामुळे आकडा पक्का आहे.

वर्गाला नाव नाही, पाटी नाही. हिंदू कॉलनीतल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये तो भरतो, खोदादाद सर्कलपासून रमतगमत गेलं तरी फार वेळ लागत नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेसात. संध्याकाळी सातला दुसरी तुकडी असते. शिकवणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या. महापालिकेच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झाल्या आणि त्यांनी लोणावळ्याच्या कैवल्यधामात योगशिक्षणाची पदविका केली आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेत आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची पद्धत पहिल्यापासून आहे, आणि बाईंच्या अंगात ती मुरलेली दिसते. त्यांच्याकडे एक लांब वही आहे. प्रत्येकाच्या नावापुढे वय, काम, दुखणं, आणि उभ्याने वाकल्यावर बोटं जमिनीपासून किती वर राहतात तो आकडा. दर महिन्याला पुन्हा मोजतात. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो, वर्गातले सत्तरीचे आजोबासुद्धा.

पहिल्या दिवशी त्यांनी मला नुसतं वाकायला सांगितलं आणि माझ्या कमरेवर तळहात ठेवला. म्हणाल्या, "तुझं सगळं वाकणं इथून येतंय. खुब्यातून काहीच येत नाही. तू शिवतेस ना? मग दिवसभर हीच जागा वापरली जाते."

पुढे त्यांनी जे समजावलं त्यासाठीच मी हा वर्ग धरून ठेवला. मांडीच्या मागे मुख्य तीन स्नायू असतात. त्यांची वरची टोकं आपण ज्या हाडांवर बसतो त्या बैठकीच्या हाडांना चिकटलेली, खालची टोकं गुडघ्याच्या खाली. म्हणजे हे स्नायू खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडून जातात. गुडघा ताठ केला की खालच्या बाजूने ते ताणले जातातच. त्यात ते आखडलेले असले तर वाकताना बैठकीच्या हाडांना खाली ओढून धरतात, खुबा पुढे वळतच नाही आणि उरलेलं सगळं वाकणं कमरेच्या मणक्यांना करावं लागतं. गुडघे थोडे सैल सोडले की ती पकड सुटते आणि पाठ लांब ठेवून वाकता येतं. म्हणून या वर्गात पहिले काही आठवडे तुम्हाला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येईल: गुडघे वाकवा.

मला ते नवीन होतं. शाळेत आम्ही सूर्यनमस्कार घातले ते 'गुडघे ताठ, कपाळ गुडघ्याला' या हुकमावर. बाई सूर्यनमस्कारांना फार मानतात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत ते कसे आणले हे त्या रंगून सांगतात, आणि एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या आसनांची त्यांची स्वतःची साखळीही त्यातूनच निघालेली आहे. फक्त वेग काढून टाकला आहे आणि कपाळ गुडघ्याला लावायची घाई काढून टाकली आहे.

सकाळच्या तुकडीबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, कारण तिथेच चांगला शिक्षक ओळखू येतो. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा किंचित उंचही असतो ते त्यामुळेच. उठल्या उठल्या खोल वाकलं तर या फुगलेल्या चकत्यांवर जास्त ताण येतो. त्यामुळे साडेसहाच्या वर्गात पहिली पंधरा-वीस मिनिटं बाई कुणालाही पुढे वाकू देत नाहीत. पाठीवर झोपून एकेक गुडघा पोटाशी, पायाचे घोटे फिरवणं, मग चालणं. ज्यांची कंबर सकाळी फारच ताठ असते त्यांना त्या सरळ संध्याकाळी यायला सांगतात. फी तीच.

आता साखळी. बाई हाच शब्द वापरतात. सुरुवात हाता-गुडघ्यांवर. श्वास घेताना पोट खाली आणि छाती पुढे, सोडताना पाठ वर उचलायची, म्हणजे मार्जारासनच. पण ते करताना त्या बोटाने मणका दाखवतात, "इथून सुरू कर, आता हा, आता वरचा." माझ्या पाठीचा खालचा भाग एकाच फळीसारखा हलायचा. तो तुकड्या-तुकड्याने हलायला लागणं हा मला जाणवलेला पहिला बदल. मग बैठक टाचांवर मागे न्यायची, हात पुढे, कपाळ टेकलेलं. तिथून दोन्ही हात उजवीकडे चालवत न्यायचे, थांबायचं, मग डावीकडे. कमरेच्या बाजूची, बरगडी आणि खुब्याच्या मधली जागा इथे सुटते. पॅडलवर एकच पाय ठेवून बसणाऱ्यांनी ही जागा जरूर तपासून बघावी. माझी उजवी बाजू डावीपेक्षा कितीतरी आखडलेली निघाली.

त्यानंतर पायाची बोटं दुमडून गुडघे उचलायचे आणि पर्वतासनात जायचं, तेही गुडघे वाकवूनच. पोट मांड्यांकडे, बैठकीची हाडं छताकडे. इथे एक टाच खाली दाबायची आणि दुसरा गुडघा वाकवायचा, मग उलट, जागच्या जागी चालल्यासारखं. पोटरी आणि मांडीची मागची बाजू आळीपाळीने ताणली जाते आणि लगेच सैल सुटते. मग उजवं पाऊल दोन्ही हातांच्या मध्ये, डावा गुडघा खाली घडी केलेल्या सतरंजीवर. खुबा पुढे सोडला की डाव्या मांडीचा पुढचा भाग ताणला जातो. आम्हा बसून काम करणाऱ्यांचा तोही भाग आखडलेला असतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

आणि मग या वर्गाचा जीव. श्वास सोडत बैठक मागे न्यायची, पुढचा पाय सरळ होत जातो, टाच जमिनीवर, बोटं वर. हात दोन लाकडी विटांवर, म्हणजे पाठ गोल करावी लागत नाही. श्वास घेत पुन्हा गुडघा वाकवून पुढे. सोडत मागे. असं सहा-सात वेळा, अगदी सावकाश, शेवटच्या वेळी मागे थांबायचं. किती? अर्धा मिनिट. बाई म्हणतात या स्नायूंना एका वेळी तेवढं पुरतं, मिनिटभर दात खाऊन थांबलं म्हणून दुप्पट मिळत नाही. झोके द्यायचे नाहीत. ताण मांडीच्या मधोमध लागला पाहिजे. गुडघ्याच्या मागे किंवा अगदी वर बैठकीच्या हाडाजवळ टोचायला लागलं तर गुडघा वाकवून कमी करायचा.

थांबलेलं असताना त्या पाऊल थोडं आत वळवायला सांगतात, मग थोडं बाहेर. मला हे पहिल्याच दिवशी पटलं. कापड उभ्या धाग्यात ओढलं तर ताणत नाही, उरेब, म्हणजे तिरकं, धरलं की ताणतं, हे मी रोज हाताने बघते. पाऊल इंचभर वळवलं की ताण आतल्या पट्ट्यावरून बाहेरच्या पट्ट्यावर सरकतो आणि नेमकी कुठली बाजू आखडली आहे ते कळतं. माझी बाहेरची.

दुसऱ्या पायाने हेच सगळं झालं की पावलं हातांजवळ चालवत आणायची आणि उभ्याने वाकलेल्या स्थितीत कोपरं धरून लटकायचं. पोट मांड्यांना टेकेल इतके गुडघे वाकलेले. मग पोट मांडीवरून सुटणार नाही इतपतच गुडघे हळूहळू सरळ करायचे. ही कसोटी घरी एकटीने करतानाही उपयोगी पडते: पोट सुटलं की थांब. वर येताना हात कमरेवर, पाठ लांब, पावलं जमिनीत दाबून. दोन-तीन फेऱ्यांत घाम येतो, पण दम लागत नाही. लागला तर बाई म्हणतात तू घाई करतेयस.

लोकांना वाटतं स्नायू रबरासारखा लांब होत जातो. बाईंचं म्हणणं वेगळं आहे. सुरुवातीला जे मिळतं ते बहुतेक सहनशक्तीचं असतं, ताण म्हणजे धोका नाही हे शरीराला पटत जातं आणि ते जास्त जाऊ देतं. म्हणूनच चार दिवस सुट्टी घेतली की परत आखडल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच रोज थोडं केलेलं आठवड्यातून एकदा खूप केल्यापेक्षा बरं. नुसतं ताणण्यावरही त्यांचा विश्वास नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत सेतुबंधासन असतं, म्हणजे पाठीवर झोपून गुडघे वाकवून खुबा वर उचलायचा, आणि टाचा टाइल्सवर पातळ फडक्यावर ठेवून खुबा उचललेला असताना पाय हळूहळू सरळ सरकवायचे असतात. मांडीच्या मागच्या बाजूला खरं काम काय ते तेव्हा कळतं. ताणलेल्या स्नायूत जोर नसेल तर कंबर पुन्हा धरते, हे त्यांचं ठाम मत आहे आणि माझ्या अनुभवाशी ते जुळतं.

पट्ट्याबद्दल थोडं लिहिते, तो माझा विषय आहे. पाठीवर झोपून एक पाय वर धरायला पट्टा लागतो. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, विटा, दोर, खुर्च्या वापरून ताठ अंगाच्या माणसालाही आसन करता येईल अशी सोय करून ठेवली, त्यातलाच हा प्रकार. बाजारात मिळणारे नायलॉनचे पट्टे घामेजल्या हातातून सटकतात आणि कडा तळपायाला कापतात. मी सुती नवार आणली, दीड इंच रुंद, आठ फूट लांब. एका टोकाला दोन लोखंडी कड्या, टोक दुमडून चौकोनात फुली मारून दुहेरी शिलाई. दुसरं टोक दोनदा दुमडलं, नाहीतर नवारीचे धागे सुटतात. बुटक्या माणसालाही आठ फूटच घ्या, कारण पट्टा आखूड पडला की खांदे जमिनीवरून उचलले जातात आणि मान धरते. वर्गातल्या बऱ्याच जणींकडे आता माझेच पट्टे आहेत.

मॅट स्वतःची न्या. हॉलच्या सतरंज्या आहेत, पण टाइल्सवर त्या सरकतात आणि पर्वतासनात हात पुढे जातात. सहा मिलिमीटरची साधी मॅट पुरते. फोमची जाड, मऊ मॅट घेऊ नका, तिच्यावर एका पायावर तोल राहत नाही. गुडघ्याखाली मऊ हवं असेल तर सतरंजीची घडी आहेच.

वर्गाच्या बाहेरही बाईंनी दोन बदल करायला लावले, त्यांचा फायदा मला आसनांइतकाच झाला. एक, मशीनचं स्टूल दोन इंच उंच केलं. खुबा गुडघ्यापेक्षा थोडा वर राहिला की पाठ गोल होत नाही. दोन, बॉबिन संपली की उठायचंच. भरायला लागणाऱ्या वेळात कटिंग टेबलाच्या कडेवर हात ठेवून बैठक मागे न्यायची, गुडघे सैल, पाठ लांब, पाच श्वास. गिऱ्हाईक समोर असलं तरी मी हे करते. दोघी-तिघी गिऱ्हाइकं माझ्याबरोबर करायला लागल्या आहेत.

आता खटकणाऱ्या गोष्टी. लग्नाच्या मुहूर्तांच्या दिवसांत हॉल कार्यक्रमांना दिला जातो आणि वर्ग रद्द होतो. निरोप आदल्या रात्री उशिरा येतो, भरपाईचा वर्ग मिळत नाही, फी कमी होत नाही. हे बदलायला हवं, आणि मी बाईंना तसं सांगितलं आहे. जोराचा पाऊस झाला आणि हिंदमाताला पाणी भरलं की आम्हा नायगावकरांचं येणं अवघड होतं. पावसाळ्यात सतरंज्यांना कुबट वास येतो, त्या वेळेवर वाळवल्या जात नाहीत. कपडे बदलायला जागा नाही. बारा जणांची मर्यादा सकाळी पाळतात, संध्याकाळी पाळत नाहीत, आणि पंधरा-सोळा माणसं झाली की विटा कमी पडतात आणि बाईंचा हात प्रत्येकापर्यंत पोचत नाही. या वर्गाची किंमत त्या हातातच आहे, त्यामुळे जमत असेल तर सकाळचीच तुकडी घ्या. शिवाय साखळी सतत चालू राहते. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात भांबावतो. बाईंनी आसनांचा क्रम एका कागदावर लिहून दिला तर बरं होईल.

मुंबईत दुसरे पर्याय पुष्कळ आहेत. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट योगेंद्रजींनी १९१८ मध्ये स्थापन केलेली, कैवल्यधामाचं केंद्र मरीन ड्राइव्हला आहे. ज्यांना जाणं-येणं जमतं त्यांनी तिथे जरूर जावं. मला दहाला दुकान उघडायचं असतं, सकाळी लोकल धरून परत येणं परवडत नाही. मोबाइलवर बघून मी काही महिने करत होते. त्यात आसनं हीच होती, पण माझी पाठ गोल होतेय हे मोबाइलला दिसत नव्हतं.

कुणी जाऊ नये, किंवा आधी डॉक्टरांना विचारून जावं, हेही स्पष्ट लिहिते. कमरेपासून निघून गुडघ्याच्या खाली पायात कळ जात असेल, मुंग्या येत असतील, पाऊल बधिर होत असेल तर तो आखडलेल्या स्नायूंचा प्रश्न नसून नसेचा असू शकतो. नस ताणली तर वाढतं. माझ्यासमोर एका गृहस्थांना बाईंनी याच कारणाने वाकायची आसनं करू दिली नाहीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितलं. हाडं ठिसूळ झाली असतील तर पुढे गोल वाकणं टाळायचं. काचबिंदू असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर डोकं खाली जाणाऱ्या स्थिती नाहीत, त्यांना बाई टेबलाला धरून तीच साखळी करायला लावतात. आणि कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जात असेल किंवा जांघेत बधिरपणा आला असेल तर वर्ग वगैरे विसरून त्याच वेळी इस्पितळ गाठायचं.

माझा वहीतला आकडा अकरावरून चार इंचांवर आला आहे. आकड्यापेक्षा मला जास्त महत्त्वाचं हे की बॉबिन पडली तर मी वाकून उचलते, गुडघा टेकत नाही. भर लग्नसराईत रात्री कंबर अजूनही जड होते, पण सकाळी अंथरुणातून कुशीवर वळून हाताने रेटत उठावं लागत नाही. शेजारच्या दुकानातली ओव्हरलॉकवाली पन्नाशीची आहे, तिलाही मी घेऊन गेले. तिला फरक पडायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण पडला.

पहिले दोन दिवस फी घेत नाहीत. नंतर महिन्याचे १२००, तीन महिन्यांचे एकदम भरले तर ३३००. तीन महिन्यांचे भरताना पंचांग बघा आणि मुहूर्त कमी असलेले महिने निवडा. रिकाम्या पोटी जा, सुती सलवार किंवा ट्रॅक पँट घाला, जीन्स चालत नाही. सव्वासहाला पोचलात तर खिडकीजवळची जागा मिळते, तिथे वारा येतो आणि बाईंची चटई तिथून सरळ समोर दिसते.